क्रेनवरचा चहा

या दिवाळी अंकाच्या संपादकांना मी आधी सरळ नाही म्हटलं होतं. पुढच्या पानांवर चकल्या-अनारशांच्या पाककृती छापायच्या आणि मागच्या पानांवर निवृत्त सिस्टरकडून मधुमेहावर लिहून घ्यायचं, हा प्रकार मला पटला नाही. पण ते म्हणाले, "सल्ले नकोत बाई, तुमच्या कारखान्यातली माणसं सांगा." मग मात्र माझा नाइलाज झाला. निवृत्त झाल्यापासून मी घरात बसून तेच करत असते, फक्त समोर ऐकायला कुणी नसतं.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं सिस्टर होते. पुलांना लागणारे लोखंडी गर्डर तिथे बनायचे. डॉक्टरसाहेब आठवड्यातून दोनदा यायचे, उरलेल्या दिवशी मी, एक पलंग, एक कपाट आणि स्पिरिटचा दिवा. जरीपटक्याहून कंपनीच्या बसने सकाळी निघायचं ते संध्याकाळी परत. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरातल्या मुलींनी शिकून नोकरी करायची हे ठरलेलंच होतं, आणि पांढरा गणवेश घालून दारातून निघणारी मी पहिली. त्या गणवेशाला मी रोज स्वतः इस्त्री करत असे. आजही सकाळी त्या वेळेला हात उगाच इस्त्रीच्या दिशेने जातो.

बाहेरच्या लोकांना वाटतं, कारखान्यातल्या सिस्टरचं काम म्हणजे कापलेली बोटं आणि डोळ्यात गेलेला कचरा. ते असायचंच. पण बोटं महिन्यातून एखाद-दोन; शुगर मात्र रोजची. आणि त्या शुगरची गंमत अशी की ऑफिसात आणि शेडमध्ये ती एकच असली तरी तिची इज्जत वेगळी होती.

ऑफिसातले हेडक्लार्क मुकुंदराव महाल भागातले. पोट टेबलाला टेकलेलं, दहाला खुर्चीत बसले की सहालाच उठायचे. कुणाचा मुलगा पास झाला, कुणी स्कूटर घेतली, कुणाला नातू झाला, सगळ्यांचे पेढे त्यांच्या खणात. साडेदहाला गेटवरून तर्री-पोहे, चारला समोसा. त्यांची शुगर वाढलेली निघाली तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, काल घरी पुरणपोळी होती हो." पुढच्या खेपेला काल श्रीखंड होतं. त्याच्या पुढच्या खेपेला काल साल्याचं लग्न होतं. प्रत्येकाच्या शुगरला कालचं काहीतरी कारण असायचं, आजचं कधीच नसायचं. पण मुकुंदरावांनी ती लपवली मात्र नाही. उलट चारचौघांत "आम्हाला आता गोड चालत नाही" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर बढती मिळाल्याचं समाधान दिसे.

शेडमध्ये उलट. तिथे हप्त्याहप्त्याला पाळी बदलायची, त्यामुळे जेवण कधी दुपारी चारला तर कधी सकाळी सहाला. झोप अर्धवट, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, वर ओव्हरटाइम. शरीर बिचारं कुठल्या वेळेला काय पचवायचं ते विसरून जायचं. आणि शुगर निघाली की कामावरून हलवतात, मशीन काढून घेतात, अशी सगळ्यांना धास्ती. ती अगदीच खोटी नव्हती. म्हणून शेडमधल्या लोकांनी शुगरवर नाही, माझ्या तपासणीवर इलाज शोधला.

तेव्हा वर्षातून एकदा लघवी तपासायची. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंबभर लघवी टाकायची आणि दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर माणूस सुटला. हिरवं, पिवळं होत विटेच्या रंगावर गेलं तर शुगर भरपूर. त्या वर्षी क्रेनच्या टोळीतल्या पाच जणांच्या बाटल्या मी ओळीने तापवल्या. पहिली वीट. दुसरी वीट. पाचही नळ्या विटेच्या रंगाच्या, आणि रंगात इतका सारखेपणा की एखाद्या रंगाऱ्यालाही साधला नसता. मी पाचही जणांना बोलावून भिंतीला उभं केलं.

"एकाच दिवशी पाचांना शुगर? शेडच्या नळाले गूळ येऊन राहिला का?"

सगळे खाली माना घालून सेफ्टी बुटांकडे पाहत उभे. मग टोळीतला म्हातारा फिटर म्हणाला, "सिस्टर, ज्याचं साफ असते त्याचंच आम्ही घेतो न दरवर्षी. यंदा त्यानंच दगा देल्ला."

"कोणाचं?"

माणूस वाचवायचा म्हणून गप्प राहण्यात ही टोळी पक्की होती. शेवटी मी एकेकाचं बोट टोचलं. एकाची थोडी वर, तिघांची ठीक, आणि पाचव्याची इतकी की मी यंत्र बदलून पुन्हा पाहिली. तो पाचवा म्हणजे शालिकराम, क्रेन ऑपरेटर. उंच, काटकुळा, चाळिशीच्या आतला, पोटाचा पत्ता नाही. वर्षानुवर्षं सगळी टोळी त्याच्याच जिवावर पास होत होती.

"मले कशी होईन शुगर?" तो म्हणाला. "मी तं बारीक हावो. थे लकडगंजच्या शेठलोकाइले होते."

त्याला समजावताना मलाही काही गोष्टी पहिल्यांदा नीट समजल्या. क्रेन शेडच्या छताखाली रुळांवरून धावते. तिच्या एका कोपऱ्याला ऑपरेटरची काचेची केबिन टांगलेली असते, आणि तिथे जायला भिंतीला उभी लोखंडी शिडी. शालिकभाऊ सकाळी चढला की जेवायच्या सुट्टीपर्यंत वरच. पुष्कळदा डबाही वरच. म्हणजे मुकुंदराव टेबलाशी बसायचे तसाच हाही आठ तास बसून असायचा, फक्त चाळीस फूट उंचावर. लघवीला उतरायला नको म्हणून पाणी प्यायचा नाही; त्याऐवजी पाळीत चार-पाच वेळा चहा. कॅन्टीनचा किसन खालून चहाचा लहान डबा दोरीला बांधायचा आणि शालिकभाऊ तो वर ओढून घ्यायचा. कॅन्टीनच्या चहात साखर आधीच ओतलेली, आणि ओतणाऱ्याचा हात मोकळा. शिवाय वडिलांनाही होती. लकडगंजच्या लाकडाच्या टालावर ते हमाली करायचे, पायाची जखम भरली नाही आणि त्यातच गेले.

नंतर तो एकटा दवाखान्यात आला. टोपी हातात. "सिस्टर, मले खाली नका उतरवू. माह्या बापानं जिंदगीभर डोक्शावर लाकडं वाह्यले. मान वर कराची त्याले सवयच नोती राह्यली. आमच्या घरात वर बसून काम करणारा मी पहिला हावो."

पांढरा गणवेश घालून दारातून निघणारी पहिली कशी चालते, हे मला माहीत होतं. पण त्याच्या क्रेनच्या हुकाखाली दहा-दहा टनांचे गर्डर लोंबायचे आणि त्यांच्याखाली माणसं काम करायची. वर बसलेल्याला चक्कर आली तर काय होईल, याचा विचारही करवत नव्हता. डॉक्टरसाहेबांशी बोलून मी अट घालून घेतली. गोळ्या, चालणं, दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी तपासणी. शुगरचा आकडा बरा राहिला तर क्रेन राहील. इन्सुलिन लागलं किंवा पायांची जाणीव गेली तर त्याच दिवशी खाली. शालिकभाऊ कबूल झाला.

मग मी चहाच्या मागे लागले. बिनसाखरेची वेगळी किटली हवी होती. कॅन्टीन मुकुंदरावांच्या अखत्यारीत. एका किटलीसाठी त्यांनी फाइल उघडली, तीन टिपणं लिहिली, आणि तीन महिन्यांनी किटली आली. दोन्ही किटल्या सारख्याच, म्हणून ओळख पटावी यासाठी मी बिनसाखरेच्या किटलीच्या मुठीला पांढरं बँडेज गुंडाळलं. तसंच शालिकभाऊच्या डब्यालाही. मुकुंदराव रोज ऐटीत "आमची बँडेजवाली आणा" म्हणायचे. मला वाटलं, चला, जमलं. आपल्या डोक्यावर मी फार खूश होते तेव्हा.

त्या बँडेजचा शेडमध्ये काय अर्थ होईल, हे मला सुचलंच नाही. ऑफिसात त्या किटलीतून चहा घेणं म्हणजे मानाचं. शेडमध्ये तो डबा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाळीस फूट वर जायचा. पहिल्याच दिवशी खालून कुणीतरी ओरडलं, "काय गा शालिक, तुह्या डब्ब्याले लागलं काय?" अख्खी शेड हसली. परक्या टोळीचा सुपरवायझर मान वर करून पाहू लागला. दुसऱ्या दिवशी शालिकभाऊने बँडेज सोडून खिशात घातलं. किसनला सांगितलेलं होतं की बँडेज असेल तर बिनसाखरेचा. नसेल तर नेहमीचा. तो नेहमीचा भरू लागला. वरून ओरडून बिनसाखरेचा मागायचा म्हणजे पुन्हा शेडभर बोभाटा. हा माणूस मुकाट्याने तो गोड चहा पीत राहिला, आणि मला हे चार वर्षांनी कळलं.

त्या चार वर्षांबद्दल काय सांगू! माझ्या नोकरीतला तोच काळ मला परत परत आठवतो. दर तीन महिन्यांनी शालिकभाऊ उपाशीपोटी यायचा, आकडा बरा निघायचा, आणि मी कार्डावर मोठ्या अक्षरात "फिट" लिहायची. तपासणीआधी दोन दिवस तो कारल्याची भाजी आणि अर्धी भाकर, एवढ्यावरच राहायचा, हे मला कुठे माहीत! तीन महिन्यांची साखर एकदम दाखवणारी तपासणी आमच्याकडे अजून आलेली नव्हती. औषधांची पेटी घेऊन मी शेडमधून निघाले की तो क्रेनचा हूक जागेवर थांबवायचा आणि पायाने क्रेनची घंटा एकदाच वाजवायचा. नियमच होता तो, खालून माणूस जाताना भार हलवायचा नाही. पण दुसऱ्या कुणासाठी घंटा अशी एकदाच, हलकी वाजलेली मी ऐकली नाही. मी वर पाहायची, काचेमागून हात हलायचा. नंतर अर्धा दिवस मला कामाचा शीण जाणवत नसे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता वयही झालं आणि लिहायचंच म्हटलं आहे, तर लिहिते.

आता माझी चूक. डॉक्टरसाहेबांनी बजावलं होतं की शुगरवाल्याचे बूट-मोजे काढून तळवे पाहायचे, कापसाने स्पर्श करून कळतो का विचारायचं. मी पहिल्या खेपेला शालिकभाऊला बूट काढायला सांगितलं आणि वाकले, तर त्याने पाय असा मागे ओढला की स्टूल पडलं. "असं नका करू, सिस्टर! तुम्ही माह्या पायाले हात लावान? पाप लागंन मले." आणि उलट त्यानेच वाकून मला नमस्कार केला. आमच्याकडचे सगळेच कामगार तसे. रक्त काढू देतील, सुई टोचू देतील, पण सिस्टरने पायाला हात लावायचा म्हटलं की भिंतीला जाऊन चिकटायचे. मी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा सोडून दिला. बाहेर तीस माणसं रांगेत, जाड बुटांचे बंद सोडायला वेळ जाणार, वास येणार, आणि खरं सांगायचं तर तो मान मला सुखावत होता. माझ्या आज्यापणज्यांच्या सावलीचाही ज्या गावांमध्ये विटाळ व्हायचा, तशाच गावांतून आलेल्या माणसांनी माझा हात पायाला लागू नये म्हणून धडपडावं, हे मला आवडत होतं. म्हणून मी तोंडी विचारायची, "पायाला मुंग्या, बधिरपणा?" तो म्हणायचा, "नाई." मी कार्डावर "नाही" लिहायची. चार वर्षांत असे सोळा "नाही" माझ्या अक्षरात आहेत.

मग एका दुपारी पाळी सुटल्यावर तो लंगडत नाही, अगदी सरळ चालत आला. म्हणाला, "मोजा ओला लागून राहिला, सिस्टर." खाली पाहिलं तर बुटाच्या कडेने रक्त येत होतं. या वेळी मी त्याला बोलू दिलं नाही. पलंगावर बसवलं आणि बूट ओढून काढला. बुटातून एक नट पडला, करंगळीच्या पेराएवढा, लोखंडाचा. सकाळी बूट घालताना तो आत होता, आणि हा माणूस त्यावर शिडी चढला, आठ तास घंटा दाबत राहिला, जेवला, उतरला. बोटांच्या मुळाशी तळव्यात खड्डा पडला होता.

"टोचलं नाही?"

"नाई."

त्याने ते इतक्या साधेपणाने सांगितलं की मला तिथेच रडू कोसळलं. दवाखान्यात मी त्यापूर्वी कधी रडले नव्हते. जखम चिघळली, मोठ्या इस्पितळात पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला, पण क्रेन गेली. त्याला टूलरूममध्ये बसवलं, बिल्ला घेऊन पाने-हातोडे द्यायच्या खिडकीत. किसनने बँडेजचं सगळं सांगितलं तेव्हा मी दुकानातून एकसारखे स्टीलचे डबे आणले आणि शेडमध्ये सगळ्यांनाच बिनसाखरेचा चहा सुरू केला; साखर ज्याने त्याने चमच्याने घ्यायची. दोन दिवस लोकांनी शिव्या घातल्या, मग सवय झाली. स्टुलावर आपले पाय ठेवून आधी मी माझेच तळवे दाखवायचे आणि मग त्यांचे पाहायचे, असंही सुरू केलं. त्यापुढे एकाही शुगरवाल्याचे बूट काढल्याशिवाय मी "फिट" लिहिलं नाही. हे सगळं सुचायला शालिकभाऊची दोन बोटं जावी लागली.

क्रेनवर दुसरा ऑपरेटर आला. चांगला होता बिचारा. मी पेटी घेऊन निघाले की तोही घंटा द्यायचा, नियमाप्रमाणे. मी वर पाहणं सोडून दिलं. टूलरूम माझ्या वाटेवरच होती. तिथून जाताना शालिकभाऊ खिडकीतून हात करायचा, आणि मी घाईत असल्यासारखी पुढे जायची. पुढची कित्येक वर्षं आम्ही एकाच आवारात होतो, आणि मी त्याच्याशी धड बोलले नाही. आता म्हणे तिथल्या नव्या क्रेनला केबिनच नाही. ऑपरेटर रिमोट हातात घेऊन खाली भारासोबत चालतो. तब्येतीला ते चांगलंच. मला मात्र ते ऐकून वाईट वाटलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षं धीर गोळा करून या पावसाळ्यानंतर मी त्याला भेटायला गेले. सक्करदऱ्याला राहतो. घरी कळलं, तलावाकडे फिरायला गेलाय. एका बाकावर बसला होता, केस पिकलेले, पायात खास शिवून घेतलेले बूट. मला पाहून उठायला लागला.

"बसा शालिकभाऊ. आधी पाय दाखवा."

तो हसला. या वेळी पाय मागे ओढला नाही. स्वतःच बूट-मोजा काढला आणि पाय बाकावर घेतला. तळवा स्वच्छ, तेल लावलेला, नखं सरळ कापलेली. "रोज आरसा खाली ठेवून पाह्यतो," तो म्हणाला. मी पाहिलं, बोटांच्या मोकळ्या जागेवरून हात फिरवला. मग मी जे बोलायला आले होते ते बोलले. म्हटलं, माझी चूक होती. मी तेव्हाच बूट काढायला लावले असते तर हे झालं नसतं. बँडेजसुद्धा मीच बांधलं.

तलावाकडे पाहत तो म्हणाला, "सिस्टर, मुंग्या तं मले पयल्याच वर्षी येऊन राहिल्या होत्या. बापाचं पाह्यलं होतं न मी. मले समजत होतं."

"मग काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही उतरवलं असतं."

"हो. त्याच दिवशी."

"म्हणूनच पाय नोतो दाखवत. पाप-बीप काही नोतं थे." त्याने मोजा चढवायला घेतला. "चार वर्सं वर राह्यलो मी तुमच्यामुळं. दोन बोटं तं गेले, जाऊ द्या. तुमचे उपकार हायेत."

मी त्याला रागावणार होते. ज्या भारांखाली माणसं उभी असायची ते मला आठवले. चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून कुणाचा तरी जीव टांगणीला लावला होता, आणि कुणाला काही झालं नाही हे केवळ नशीब. हे मी त्याला सांगितलंही. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "हो न." मग वाकून बुटाचे बंद बांधू लागला.

मी माफी मागायला गेले होते आणि तो आभार मानत होता. बसमध्ये बसल्यावर कळलं की मला यातलं काहीच नको होतं. चूक, नियम, पाप, सगळं मला मान्य आहे. तरी मला तो परत वर केबिनमध्ये हवा होता, आणि खाली पेटी घेऊन निघालेली मी.